पहिलं रोगेन: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

हातात नकाशा आणि कंपास, सोबत आपला संघ आणि पुढे चोवीस तास. या खेळात पहिल्यांदा उतरणाऱ्यांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: रोगेन म्हणजे नेमकं काय? ठरलेला मार्गच नसतो असं ऐकलं. मग नंबर कसा लागतो?

नावात ‘रोग’ असला तरी घाबरायचं कारण नाही. १९७६ साली ऑस्ट्रेलियात रॉड, गेल आणि नील फिलिप्स या तिघांच्या नावांचे तुकडे जोडून हा शब्द तयार झाला. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९९२ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा ऑस्ट्रेलियातल्याच बीचवर्थला भरली. मूळ खेळ २४ तासांचा. सहा, आठ, बारा तासांच्या छोट्या आवृत्त्याही सगळीकडे होतात.

मोठ्या मोकळ्या प्रदेशात केशरी-पांढरे ध्वज लावलेले असतात. त्यांना कंट्रोल म्हणतात. प्रत्येक कंट्रोलला गुण असतात. जवळच्या, सोप्या कंट्रोलला कमी आणि लांबच्या, आडवाटेच्या कंट्रोलला जास्त. बऱ्याच स्पर्धांत कंट्रोलच्या क्रमांकावरूनच गुण कळतात, म्हणजे ७४ क्रमांकाला ७० गुण, २३ ला २० गुण. कुठल्या कंट्रोलला जायचं आणि कोणत्या क्रमानं, हे संघ ठरवतो. वेळ संपायच्या आत तळावर परतायचं. ज्याचे गुण जास्त तो वर, आणि गुण सारखे असले तर जो आधी परतला तो वर.

प्रदेश मुद्दामच इतका मोठा आखतात की बहुतेक संघांना सगळे कंट्रोल घेणं जमू नये. नवख्यांच्या हे पटकन लक्षात येत नाही. धावण्याच्या शर्यतीची सवय असलेला माणूस ‘किती पूर्ण केलं’ हे मोजत बसतो. इथे काय सोडायचं हे जो संघ वेळेवर ठरवतो त्याचे गुण वाढतात. पुढच्या बऱ्याच उत्तरांत ही सोडून देण्याची गोष्ट पुन्हा पुन्हा येणार आहे.

प्रश्न: आम्ही चौघी मैत्रिणी आहोत. एक रोज धावते, दोघी नियमित डोंगर चढतात, चौथीला फारसा सराव नाही. चौघींचा एक संघ करावा की दोन-दोनचे दोन?

नियमानुसार संघात दोन ते पाच जण चालतात. पण सगळ्यांनी सतत एकमेकांच्या हाकेच्या अंतरात राहायचं आणि प्रत्येक कंट्रोलपाशी सगळ्यांनी जायचं. एकीनं पुढे पळत जाऊन नोंद करायची आणि बाकीच्यांनी खाली वाट बघायची, हे चालत नाही. त्यामुळे संघाचा वेग म्हणजे सगळ्यात हळू चालणारीचा वेग. वेगात फार फरक असेल तर दोघी-दोघी व्हा. पण दोन्ही जोड्यांत नकाशा वाचणारी किमान एक तरी हवी आणि रात्री दोघींनाच राहण्याची तयारी हवी. पहिल्या वेळी आमचा कौल चौघींच्या एकाच संघाला आहे. रात्री तीन वाजता ताजी नजर ठेवणारी आणखी एक व्यक्ती असणं फार मोलाचं ठरतं.

चौथीच्या पाठीवरचं ओझं पहिल्या तासातच हलकं करा, ती दमल्यावर नाही. तिचं पाणी आणि जादा कपडे धावणारीच्या सॅकमध्ये गेले की दोघींचे वेग जवळ येतात. संकोचापोटी हे करायचं टाळतात आणि मग सहाव्या तासाला चौघीही रेंगाळतात.

निघण्याआधी चार गोष्टी मोकळेपणानं बोलून घ्या. रात्री झोपायचं की चालायचं? कुणाला परतायचं असेल तर काय करायचं? मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा? आणि आपण इथे गुणांसाठी आलोय की भटकायला? हे वाद सकाळी अकरा वाजता हसत मिटतात. तेच पहाटे चारला पेटले तर मैत्रीवर येतं.

प्रश्न: नकाशा स्पर्धेच्या दोन-तीन तास आधीच मिळतो. तेवढ्या वेळात काय काय करायचं? घाईत आमचा गोंधळच होईल असं वाटतं.

गोंधळ होतो तो सगळे एकाच नकाशावर वाकतात म्हणून. कामं वाटून घ्या. एकानं सगळे जास्त गुणांचे कंट्रोल मार्करनं ठळक करायचे. दुसऱ्यानं पाण्याच्या जागा, प्रवेशबंद भाग आणि ओलांडता न येणारे नदी-कडे शोधायचे. तिसऱ्यानं कंट्रोलच्या वर्णनाचा कागद वाचायचा. ‘घळ’, ‘सोंडेचं टोक’ (सोंड म्हणजे डोंगराचा पुढे आलेला भाग), ‘खिंड’, ‘ओढ्यांचा संगम’ असे ते शब्द असतात आणि ध्वज नेमका कुठे आहे हे त्यांतूनच कळतं.

मग मार्ग. आधी नकाशाचं प्रमाण पाहा. १:५०,००० असेल तर नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर, १:२५,००० असेल तर २५० मीटर. दोरीचा तुकडा घ्या, त्यावर प्रमाणानुसार दर पाच किलोमीटरला गाठ मारा आणि कंट्रोल ते कंट्रोल ती फिरवून बघा. पण दोरी सरळ जाते आणि माणूस वळणं घेत जातो. दोरीवरचं अंतर ३५ किलोमीटर आलं तर प्रत्यक्ष पायपीट साधारण ४५ च्या घरात जाईल.

आता हिशोब. दुपारी बाराला सुरुवात आहे असं धरू. सरावातल्या, पण नवख्या चालणाऱ्यांनी थांबे धरून दिवसा ताशी तीन किलोमीटर, रात्री दोन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अडीच धरावेत. अंधार पडेपर्यंत सात तास म्हणजे २१ किलोमीटर. रात्री पाच तास चाललात तर १०. तळावर येऊन जेवण आणि झोप यांत पाच-सहा तास जातील. सकाळी सहा तासांत १५. बेरीज ४६. म्हणजे दोरीवर ३५ च्या आसपासचा मार्ग आखा. ५५ चा आखू नका. नवख्यांच्या जवळजवळ प्रत्येक आराखड्यात हीच चूक असते. आराखडा बनवताना बसलेले असतात आणि बसलेल्या माणसाला प्रत्येक डोंगर बुटका दिसतो.

चढ वेगळा मोजा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथनं १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा अजून उपयोगी पडतो: सपाटीवर ताशी पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. म्हणजे १०० मीटर चढाला दहा मिनिटं, सपाटीवरच्या साधारण ८०० मीटर चालीइतकी. टेकडीवरून गेलं तर एक किलोमीटर वाचतं पण १५० मीटर चढावं लागतं, असा पेच आला की उत्तर लगेच मिळतं: वळसा घ्या. नेस्मिथचा वेग चांगल्या वाटेवरचा आणि दमदार माणसाचा आहे. झुडपांतून, दगडांतून जाताना तो पकडून बसू नका. अंतर आणि चढ यांची तुलना करायला मात्र तो पुरेसा आहे.

मार्गाला आकार द्यायचा तो असा. उजेडाच्या तासांत लांबचे, आडवाटेचे आणि जास्त गुणांचे कंट्रोल. अंधार पडल्यावर वाटा, कुंपणं, ओढे यांच्या काठचे सोपे कंट्रोल. तळाजवळचे कमी गुणांचे कंट्रोल पहिल्या तासात उचलायचा मोह होईल, तो आवरा. शेवटच्या दोन तासांत उरलेल्या वेळेच्या मापानं हेच कंट्रोल कमी-जास्त करता येतात.

शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. मार्गावर किमान दोन ठिकाणी ‘कापायची जागा’ खुणेनं दाखवा. तिथून पुढचा फेरा सोडून थेट तळाकडे वळता आलं पाहिजे. त्या जागेपाशी घड्याळाची वेळ लिहा. ‘इथे सहापर्यंत पोहोचलो नाही तर पुढचे तीन कंट्रोल सोडायचे.’ हे कागदावर असलं की दमलेल्या डोक्याला वाद घालावा लागत नाही.

मार्ग बारीक पेननं, कंट्रोलच्या वर्तुळाबाहेर काढा. जाड मार्करखाली नेमकी गरज असलेली कॉन्टूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा) झाकली जाते. मग नकाशा पारदर्शक, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घाला आणि ती पिशवी दोरीनं गळ्यात किंवा सॅकला बांधा. वाऱ्यानं उडालेल्या नकाशामागे धावणारा संघ बघायला गमतीदार असतो, पण तो आपला असू नये.

प्रश्न: कंपासवर अगदी सरळ चालतो, तरी कंट्रोलच्या जागी काहीच नसतं. चूक कुठे होते?

बहुधा तीन ठिकाणी. त्यातली पहिली म्हणजे भूमिती. दिशेत पाच अंशांची चूक झाली तर एक किलोमीटरवर तुम्ही सुमारे ८७ मीटर बाजूला पोहोचता. दाट झाडीत ८७ मीटरवरचा ध्वज दिसत नाही. आणि चालत्या माणसाच्या हातात पाच अंशांची चूक ही काही मोठी चूक नव्हे. म्हणून एक किलोमीटर लांबच्या कंट्रोलवर थेट बेअरिंग (कंपासवर धरलेली दिशा) घेऊन निघू नका. कंट्रोलच्या १००-२०० मीटर अलीकडे, चुकणं अशक्य अशी एक जागा निवडा: वाटेचा तिठा, ओढ्याचं वळण, खिंड. याला अटॅक पॉइंट म्हणतात. तिथपर्यंत वाटेनं, कुंपणानं, डोंगराच्या धारेनं भराभर जा. कंपास आणि पावलं यांची बारीक नजर फक्त शेवटच्या तुकड्यात लावा. २०० मीटरवर पाच अंशांची चूक जेमतेम १७ मीटरची होते.

लक्ष्य ओढ्यावर किंवा वाटेवर असेल तर मुद्दाम एका बाजूला नेम धरा. कंट्रोलच्या डावीकडे शंभर मीटर पोहोचायचं ठरवून चाललात तर ओढा लागताच उजवीकडे वळायचं हे पक्कं असतं. थेट नेम धरून गेलात आणि ध्वज दिसला नाही, तर उजवीकडे जायचं की डावीकडे हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरी चूक अंतराची. ध्वजाचा शोध फार लवकर सुरू होतो. ५०० मीटर जायचं असतं, ३५० मीटरवर ‘आलं असेल आता’ असं वाटतं आणि सगळे चहूकडे पांगतात. इलाज आहे पावलं मोजण्याचा. एकाच पायाची पावलं मोजायची. शंभर मीटर सपाटीवर बहुतेकांची ६० ते ६५ होतात. चढावर, झुडपांत आणि अंधारात तीच ७५ ते ९० पर्यंत जातात. आपला आकडा स्पर्धेआधी तिन्ही प्रकारच्या जमिनीवर काढून ठेवा. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि शेवटी ताळा करायचा.

तिसरी चूक कंपासची स्वतःची. मोबाइल, हेडटॉर्च, बॅटऱ्यांचा पुडा, सॅकच्या पट्ट्यावरची चुंबकाची चिमटी हे सगळं सुई ओढतं. छातीवर चुंबकी चिमटी आणि हातात कंपास असा थाट असेल तर दिवसभर चुकत राहाल आणि कारण सापडणार नाही. मोबाइलला खेटून ठेवलेल्या कंपासची सुई कधी कायमची उलटी होते, लाल टोक दक्षिण दाखवायला लागतं. निघण्यापूर्वी सगळ्यांचे कंपास एकमेकांपासून दूर धरून पडताळून घ्या.

नकाशाच्या कडेची टीपही वाचा. रोगेनच्या नकाशांवर उत्तररेषा बहुधा चुंबकीय उत्तरेच्या असतात, म्हणजे सुई थेट रेषेला लावायची. साध्या भौगोलिक नकाशावर तसं नसतं, तिथे चुंबकीय फरकाची, म्हणजे खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांतल्या कोनाची, दुरुस्ती करावी लागते.

आणि एक सवय: कंट्रोल सोडताना नकाशा धरणाऱ्यानं मोठ्यानं सांगायचं, ‘ईशान्येला, ६०० मीटर, आधी उतार, एक ओढा ओलांडायचा, मग सोंड चढायची. डोंगराची धार आली तर फार पुढे आलो.’ बाकीच्यांना हे ठाऊक असलं की दोन ओढे ओलांडल्यावर कुणीतरी हटकतंच.

प्रश्न: आणि तरीही चुकलोच तर?

थांबा. चुकल्याची शंका आली की पावलं आपोआप भराभर पडायला लागतात. संघ त्यानंच जास्त हरवतो.

शेवटची खात्रीची जागा कोणती आणि तिथून किती मिनिटं झाली हे विचारा. पंधरा मिनिटं झाली असतील आणि वेग ताशी तीन किलोमीटर असेल, तर तुम्ही त्या जागेपासून जास्तीत जास्त ७५० मीटरवर आहात. तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ मनात काढा. तुम्ही त्याच्या बाहेर असूच शकत नाही. मग पायाखालचा उतार कोणत्या दिशेला जातो ते कंपासनं मोजा आणि वर्तुळात तसा उतार कुठे कुठे आहे ते बघा. बऱ्याचदा दोन-तीनच जागा उरतात. सोंड आणि घळ यांची गल्लत होत असेल तर लक्षात ठेवा: घळीत कॉन्टूर रेषांचं टोक चढाकडे वळतं, सोंडेवर उताराकडे.

सावध राहायचं ते नकाशाला जमिनीवर ओढूनताणून बसवण्यापासून. ‘ही वाट नवी झाली असेल’, ‘तो ओढा आटला असेल’, अशी दोन निमित्तं लागोपाठ सुचली की समजा, तुम्ही शेजारच्या घळीत आहात. शेजारी-शेजारी सारख्या दिसणाऱ्या घळी आणि सोंडा हा तर या खेळातला नेहमीचा सापळा.

शोधायला मर्यादा घाला: दिवसा दहा मिनिटं, रात्री पंधरा. ती संपली की खात्रीच्या जागेवर परत जाऊन एकदाच नव्यानं प्रयत्न. तोही फसला तर सोडा. ‘इतका वेळ घातलाय तर आता घेऊनच जाऊ’ या हट्टापायी ४० गुणांच्या एका कंट्रोलसाठी तास-दीड तास जातो, आणि तेवढ्यात पुढचे दोन सहज झाले असते.

प्रश्न: रात्रीची भीती वाटते. अंधारात नकाशा कसा वाचायचा? लाल दिवा वापरावा का?

लाल दिवा नको. कॉन्टूर रेषा तपकिरी आणि कंट्रोलची वर्तुळं लाल-जांभळी असतात. लाल उजेडात ती कागदात विरून जातात. पांढराच दिवा वापरा, पण मंद करून. झगझगीत उजेडानंतर डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. त्यामुळे कुणाशी बोलताना दिवा त्याच्या तोंडावर मारू नये, ही शिस्तच करा.

चालताना मंद झोत पुरतो. २००-३०० ल्युमेनचा प्रखर झोत समोरचा डोंगर किंवा ध्वज शोधायला राखून ठेवा, नाहीतर बॅटरी मध्यरात्रीच मान टाकेल. थंडीत साध्या अल्कलाइन बॅटऱ्या लवकर दमतात, म्हणून जादा संच अंगालगतच्या खिशात. धुक्यात कपाळावरचा दिवा पांढरी भिंत उभी करतो. तो काढून कमरेजवळ हातात धरा, जमीन दिसायला लागेल.

रात्री वेग तर घटतोच, पण अंदाजही बिघडतो: अंतर जास्त वाटतं, उतार खोल वाटतो. त्यामुळे रात्री नुसत्या बेअरिंगवर पठारं कापायची नाहीत. वाट, कुंपण, ओढा, धार यांचा हात धरून जायचं, लांब पडलं तरी. चांदणं असेल आणि मोकळं रान असेल तर दिवा बंद करूनही चालून बघा, डोंगरांच्या कडा नकाशाशी ताडता येतात.

पहाटे तीन ते पाच ही सगळ्यात वाईट वेळ. नकाशा बघितला तरी डोक्यात शिरत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्या २४ तासांच्या स्पर्धेत या वेळी तळावर झोपा. त्या दोन तासांत धडपडून मिळतील तितके गुण झोप झालेला संघ सकाळच्या पहिल्या तासात उचलतो. तळापासून लांब असाल आणि डोळे मिटतच असतील तर जादा कपडे घालून, गजर लावून वीस मिनिटं पडा. नुसतं ‘जरा बसू’ म्हणून बसू नका, अंग गार पडतं.

प्रश्न: पायाला फोड येऊ नयेत म्हणून काय करावं? नवे बूट घेतलेत.

नवे बूट स्पर्धेत नकोत. त्यांतून आधी किमान दोन-तीन लांब चाली झाल्या पाहिजेत. पाय दिवसभरात सुजतात, म्हणून बूट अर्धा नंबर मोठा. नखं तीन-चार दिवस आधी सरळ कापा.

फोड येतो तो घर्षण, ओल आणि उष्णता एकत्र आल्यावर. फोडाआधी एक जागा हुळहुळते, चटका बसल्यासारखी वाटते. तिथेच थांबायचं, पुढच्या कंट्रोलला नाही. मोजा काढून पाय कोरडा करा, खडे-माती झटका आणि झिंक ऑक्साइडची पट्टी गोल कोपरे कापून सुरकुती न पडता लावा. याला पाच मिनिटं लागतात. न थांबल्यास पुढचे दहा तास सगळा संघ लंगडणाऱ्याच्या वेगानं चालतो. म्हणून ‘माझ्यामुळे उशीर नको’ म्हणणाऱ्या सभ्य माणसावर विशेष लक्ष ठेवा.

फोड आलाच आणि तो ताणलेला, दुखरा असेल तर जंतुनाशकानं पुसलेल्या सुईनं कडेला भोक पाडा, पाणी काढा, वरची कातडी तशीच ठेवा आणि पट्टी लावा. ओढा ओलांडून मोजे भिजले की पिळून पुन्हा घाला. कोरडी जोडी तळावरच्या थांब्यासाठी राखा.

प्रश्न: खाण्या-पिण्याचं किती आणि कसं न्यावं?

भुकेची वाट बघू नका. दर पाऊण तासानं घड्याळ लावून खा. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे धोरण ठेवा. पहिले सहा तास गोड छान लागतं, नंतर त्याची शिसारी येते. रात्रीच्या पुड्यात निम्मं खारं हवं: खारे दाणे, चिप्स, उकडलेला बटाटा, चीज. कधी न खाल्लेली एनर्जी जेल स्पर्धेत पहिल्यांदा उघडू नका. गुंडाळलेले कागद आधीच सैल करून ठेवा, गारठलेल्या बोटांनी ते उघडत नाहीत.

पाणी हवेप्रमाणे ताशी ४०० ते ८०० मिली लागतं. दोन लिटरची सोय जवळ ठेवा आणि नकाशावर दाखवलेल्या पाण्याच्या जागा मार्गात गुंफा. तहान लागेल तसं प्या. भीतीपोटी घटाघटा नुसतं पाणी पीत राहिल्यास रक्तातलं सोडियम घसरतं: डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, बोलणं गोंधळतं. अशा माणसाला आणखी पाणी पाजणं धोक्याचं. त्याला थांबवा आणि आयोजकांची वैद्यकीय मदत घ्या.

प्रश्न: जीपीएसचं घड्याळ आणि मोबाइल चालतो का? सामान काय काय न्यायचं?

महासंघाच्या नियमांत जीपीएस, उंचीमापक आणि पावलं मोजणारं यंत्र यांना बंदी आहे. साधं घड्याळ चालतं. मोबाइल आणीबाणीसाठी सीलबंद पिशवीत ठेवायला सांगतात किंवा सक्तीचा करतात, हे स्पर्धेगणिक बदलतं. आधी नियम वाचा.

प्रत्येकाजवळ शिटी, कंपास, हेडटॉर्च आणि जादा बॅटऱ्या, पावसाळी जॅकेट, उबदार थर, टोपी, आणीबाणीत अंगाला गुंडाळायचा चांदीच्या रंगाचा कागद. संघात एक प्रथमोपचाराचा संच. शिटीचा संकेत सगळ्यांना पाठ हवा: मिनिटाला सहा फुंका, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन फुंकांचं. दुसऱ्या संघाची अशी शिटी ऐकू आली तर स्वतःचे गुण विसरून जायचं, हा नियमच आहे.

कुणी अडखळायला लागला, हातातून वस्तू पडायला लागल्या, बोलणं पुटपुटल्यासारखं झालं, तर त्याचं अंग गारठतंय. ओले कपडे बदला, वाऱ्याच्या आडोशाला न्या, शुद्धीवर असेल तर गोड आणि गरम द्या. ‘चालला की तापेल’ असं म्हणून पुढे रेटू नका.

प्रश्न: उशीर झाला तर किती गुण जातात?

सर्वसाधारण पद्धत अशी: दर मिनिटाला किंवा मिनिटाच्या भागाला दहा गुण वजा, आणि तीस मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर सगळेच गुण शून्य. बारा मिनिटं उशीर म्हणजे १२० गुण गेले, म्हणजे ६० चे दोन कंट्रोल. त्यामुळे शेवटच्या दोन तासांत प्रत्येक कंट्रोलवर एकच हिशोब करा: वेळ संपायला किती मिनिटं आहेत, त्यातली वीस मिनिटं राखून ठेवली तर किती उरतात, आणि पुढच्या कंट्रोलला जाऊन तळ गाठायला त्याहून कमी लागतात का? नाही म्हटलं की तळाकडे. या हिशोबात वेग शेवटच्या तीन तासांत प्रत्यक्ष पडलेला धरा, पहिल्या दिवसाचा नव्हे. वेळ संघातल्या शेवटच्या माणसाच्या परतण्याची धरतात, हेही विसरू नका.

प्रश्न: थेट २४ तासांची स्पर्धा घ्यावी की आधी छोटी? आणि तयारी किती आठवडे?

आधी सहा तासांची. दोरीवर १२ ते १५ किलोमीटर. नकाशाच्या सगळ्या चुका तेवढ्यात होऊन जातात. तयारीला आठ ते दहा आठवडे पुरतात: दर आठवड्याला एक लांब चाल, तीन तासांपासून वाढवत आठ तासांपर्यंत, शेवटच्या महिन्यात सॅकच्या पूर्ण वजनानिशी. किमान दोन चाली अंधारात, संघातल्या सगळ्यांबरोबर. पळण्याच्या वेगापेक्षा उतार उतरायचा सराव जास्त करा, कारण मांड्या आणि गुडघे दुसऱ्या दिवशी उतारावरच संप पुकारतात.

प्रश्न: स्पर्धा संपल्यावर लगेच गाडी चालवत घरी निघालं तर चालेल का? तीन तासांचाच रस्ता आहे.

नाही. रात्रभर जागलेल्या माणसाला चाकामागे कधी डुलकी लागली ते कळतही नाही. सगळ्यांनी मिळून परतल्याची नोंद करा, मनगटावरचा, कंट्रोलची नोंद करणारा टॅग जमा करा, जेवा आणि तळावरच तीन-चार तास झोपा. गाडी चालवायला न खेळलेला कुणी सोबत आणता आला तर उत्तम.